'टेक्सस फ्लड'चा ठेका

(पडद्यावर: काँक्रीटची फरशी, तिच्यावर अंथरलेले गालिचे, कोपऱ्यात मांडलेला ड्रमसेट.)

१९८२ सालच्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, लॉस एंजेलिसमधील एका गोदामवजा स्टुडिओच्या कोपऱ्यात तीन वादक एकमेकांकडे तोंड करून वर्तुळात बसले. स्टुडिओ गायक जॅक्सन ब्राउन यांचा होता आणि त्यांनी तो तीन दिवसांसाठी फुकट दिला होता. पहिला दिवस वाद्ये आणि माइक मांडण्यातच गेला. उरलेल्या दोन दिवसांत गिटारवादक स्टीव्ही रे वॉन, बास (खर्जातल्या स्वरांची) गिटार वाजवणारे टॉमी शॅनन आणि ड्रमवादक क्रिस लेटन यांनी जे वाजवले, ते मुळात एक नमुना ध्वनिमुद्रण होते. परंतु गायक बॉब डिलन यांना पुढे आणणारे ध्वनिमुद्रिका-निर्माते जॉन हॅमंड यांच्या कानावर ते पडले आणि १९८३ च्या जूनमध्ये 'टेक्सस फ्लड' या नावाने ते ब्लूज संगीताचा अल्बम होऊन बाजारात आले.

ध्वनिमुद्रणाआधी, १९८२ च्या जुलैमध्ये, स्वित्झर्लंडच्या मॉन्ट्रू संगीत महोत्सवात याच तिघांच्या वादनावर श्रोत्यांतील काहींनी हुर्यो उडवली होती. मात्र तिथेच गायक डेव्हिड बोवी यांनी वॉन यांना हेरले आणि तिथेच ब्राउन यांनी स्टुडिओ देऊ केला.

या अल्बमविषयी बोलताना लोक वॉन यांच्या सोलोंविषयी (गिटारच्या एकल तुकड्यांविषयी) बोलतात, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु चाळीस वर्षांनंतरही ही ध्वनिमुद्रिका लावली की पाय आपोआप हलू लागतो, त्याचे श्रेय सोलोंपेक्षा ठेक्याला द्यावे लागेल, असे आमचे मत आहे.

(पडद्यावर: गिटारवर फिरणारा उजवा हात, अगदी जवळून.)

'प्राइड अँड जॉय' हे गाणे शफल या लयीत आहे. शफलमध्ये प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग पडतात, ज्याला आपल्या तालशास्त्रात तिस्र जाती म्हणतात. पहिल्या भागावर आघात होतो, दुसरा रिकामा जातो आणि तिसऱ्यावर पुन्हा एक हलका आघात पडतो. म्हणजे 'डम्, ड-डम्, ड-डम्' अशी लंगडत पुढे जाणारी चाल तयार होते. वॉन यांचा हात इथे दोन कामे एकदम करतो. जाड तारांवर, थेट मात्रेवर, बासची चालती ओळ वाजते आणि त्या दोन स्वरांच्या मध्ये हात वर येताना बारीक तारांना झटका देतो. हा झटका पूर्ण वाजू दिला जात नाही. डाव्या हाताची मोकळी बोटे तारांवर अलगद टेकतात आणि आवाज उमटताक्षणी मिटतो. तो मिटल्यामुळे जी पोकळी राहते, तिच्यात लेटन यांचा स्नेअर (कडक, तडतडीत आवाजाचा) ड्रम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्वच्छ ऐकू येतो. गिटार सतत झणझणत राहिली असती, तर त्या ड्रमला जागाच उरली नसती.

वॉन यांच्या तारा जाड होत्या. बहुतेक रॉक गिटारवादक सर्वांत बारीक तार इंचाच्या ९ किंवा १० हजारांश जाडीची घेतात. वॉन १३ हजारांशाची वापरत आणि गिटार अर्धा स्वर उतरवून लावत. अशा तारा दाबणे, ओढणे हे बोटांवर अत्याचार करण्यासारखेच आहे, आणि कातडी फाटली की ते ती सुपरग्लूने चिकटवून पुन्हा वाजवायला बसत. पण जाड तारेवर जोरात प्रहार केला तरी स्वर पटकन ढळत नाही, आणि म्हणून ठेका धरताना हात आखडता घ्यावा लागत नाही.

शॅनन यांच्याविषयी कमी बोलले जाते. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या वूडस्टॉक संगीत महोत्सवात गिटारवादक जॉनी विंटर यांच्यामागे उभे राहिलेले हे बासवादक या अल्बमवर जवळजवळ कुठेच मिरवत नाहीत. बारा बारचे (चार-चार मात्रांच्या बारा खंडांचे) आवर्तन संपताना कोणत्या स्वरावरून पुन्हा समेवर यायचे, एवढेच ते चोख पाहतात. 'रूड मूड'मध्ये वेग इतका वाढतो की शफलचे तीन भाग जवळजवळ दोन समान भागांसारखे ऐकू येऊ लागतात. तिथे सगळे सांडून जाऊ नये, ही जबाबदारी बास वाहतो.

अल्बमवरील 'मेरी हॅड अ लिटल लॅम्ब' हे मुळात ब्लूज गिटारवादक बडी गाय यांचे. गाय यांना २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ऐकलेल्या मुंबईकरांना वॉन यांच्या तारा ओढण्यातली ओळख लगेच पटावी.

(पडद्यावर: फिरणारी ध्वनिमुद्रिका, सुई.)

शीर्षकगीत मूळचे लॅरी डेव्हिस यांचे, १९५८ सालचे. इथे लय अतिशय संथ आहे. एकेका मात्रेत तीन ठोके मोजत जावे लागते. वॉन यांचे गाणे आणि गिटार या मोजणीला जुमानत नाहीत. ओळ उशिरा सुरू होते, स्वर ओढून धरला जातो, मग पाच-सहा स्वर घाईघाईने एकाच मात्रेत कोंबले जातात. ऐकणाऱ्याला क्षणभर वाटते की आता सम चुकणार. अशा प्रत्येक वेळी कान गिटारवरून काढून लेटन यांच्याकडे न्यावा. झांजेवरचे तीन ठोके त्याच अंतराने पडत असतात, ते वॉन यांच्यामागे धावत नाहीत की त्यांच्यासाठी थांबत नाहीत. आणि पुढचा स्नेअर पडतो तेव्हा गिटारही नेमकी तिथे येऊन पोहोचलेली असते.