डेटाबेस अपग्रेड करताना परतीची वाट कुठे बंद होते

मंडळी, होस्टिंग पॅनेलमध्ये, म्हणजे सर्व्हर सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पाहिलं तर मायएसक्यूएल डेटाबेस अपग्रेड करण्याचं काम अगदी किरकोळ वाटतं. नवी आवृत्ती निवडायची, पुढे जायचं, काही मिनिटं थांबायचं. सीपॅनेल या पॅनेलच्या डब्ल्यूएचएममध्ये (प्रशासकाच्या भागात) त्यासाठी वेगळा विभाग आहे, डायरेक्टअ‍ॅडमिनमध्ये कस्टमबिल्ड हे साधन आहे. पण त्या एका सर्व्हरवर कितीतरी लोकांच्या वेबसाइट चालतात आणि त्यांतल्या बहुतेकांना आपला डेटाबेस बदलतोय याचा पत्ताही नसतो. त्यांच्या वतीने निर्णय आपण घेतो, म्हणून हे काम मला फार जबाबदारीचं वाटतं.

अपग्रेड टाळता येत नाही, हे आधी मान्य करू. मायएसक्यूएल ५.७ ची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटींवर त्या आवृत्तीसाठी अधिकृत दुरुस्ती येत नाही. आणि जितकं लांबवाल तितके टप्पे वाढतात: ५.६ वरून थेट ८.० वर उडी मारता येत नाही, मध्ये ५.७ वर थांबावंच लागतं.

आता मुख्य मुद्दा. मायएसक्यूएल ८.० ने डेटा डिक्शनरीची, म्हणजे टेबलांच्या रचनेच्या नोंदींची, पद्धतच बदलली. पूर्वी प्रत्येक टेबलची माहिती वेगळ्या फाइलमध्ये असायची, ती आता इनोडीबी या मायएसक्यूएलच्या साठवण यंत्रणेच्या आत गेली. नव्या आवृत्तीने एकदा डेटा डिरेक्टरी (सगळा डेटा असलेलं फोल्डर) हाताळली की जुनी आवृत्ती ती वाचू शकत नाही. डाउनग्रेड नावाचं बटण नाही. मागे यायचं तर जुनी पॅकेजेस (जुन्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअर फाइली) आणि जुना बॅकअप, एवढाच मार्ग.

आणि तो मार्गही ठरावीक वेळेपर्यंतच खुला असतो, याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. अपग्रेड झालं, वेबसाइट सुरू झाल्या, लोकांनी ऑर्डर दिल्या, प्रतिक्रिया लिहिल्या, पासवर्ड बदलले. हा सगळा डेटा फक्त नव्या आवृत्तीत आहे. संध्याकाळी काही बिघडलं म्हणून सकाळचा बॅकअप परत घातला, तर दिवसभराचं सगळं गेलं. म्हणजे परतीचं दार आपण अपग्रेडची कमांड देतो तेव्हा बंद होत नाही, वेबसाइट लोकांसाठी खुल्या करतो त्या क्षणी बंद होतं. म्हणून क्रम असा ठेवा: वेब सर्व्हर आणि क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आधी थांबवा, शेवटचा डंप (डेटा मजकूर फाइलमध्ये उतरवलेली प्रत) त्यानंतर घ्या, अपग्रेड करा, तपासा, आणि मगच दार उघडा. मी अनेकांना वेबसाइट चालू असतानाच अपग्रेड करताना पाहतो. पाच-दहा मिनिटांचा डाउनटाइम वाचवण्यासाठी ते स्वतःचा एकमेव सुटकेचा मार्ग गमावतात.

बॅकअप दोन प्रकारचे हवेत. एक, डेटाबेस नीट बंद करून घेतलेली संपूर्ण डेटा डिरेक्टरीची प्रत. जुन्या आवृत्तीवर झटपट परतायला ती उपयोगी. दुसरा, प्रत्येक डेटाबेसचा वेगळा डंप, प्रोसीजर आणि इव्हेंटसकट (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्रॅम आणि ठरावीक वेळी चालणारी कामं). त्यांचे पर्याय वेगळे दिल्याशिवाय हे दोन्ही डंपमध्ये येत नाहीत. सगळा डेटा एकाच क्षणाचा घेणारा ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’चा पर्याय वापरला म्हणून निश्चिंत होऊ नका, मायआयसॅम या जुन्या साठवण प्रकारातल्या टेबलांना त्याचं संरक्षण मिळत नाही. आणि डंप दुसऱ्या मशीनवर घालून पाहा. फाइल तयार झाली म्हणजे बॅकअप झाला असं मी मानत नाही.

पॅनेलला वगळून थेट लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या यम किंवा अ‍ॅप्टने पॅकेज बदलू नका. कोणती आवृत्ती आहे, रिपॉझिटरी (पॅकेज जिथून येतात ती जागा) कोणती, या नोंदी पॅनेल स्वतः ठेवतं. प्लेस्क या पॅनेलचा तर स्वतःचा डेटाबेस त्याच सर्व्हरवर राहतो, त्यामुळे मायएसक्यूएल उठलं नाही तर पॅनेलही उघडत नाही. मारियाडीबी या मायएसक्यूएलपासून निघालेल्या डेटाबेसकडे वळायचं असेल तर तो वेगळा प्रकल्प समजा: मायएसक्यूएल ८.० ची डेटा डिरेक्टरी मारियाडीबीला वाचता येत नाही, डंपमधूनच जावं लागतं.

आता बिघाडांकडे येऊ. सगळ्यात गोंगाट करणारा बिघाड सगळ्यात सोपा असतो. ८.० मध्ये क्वेरी कॅश (डेटाबेसला केलेल्या विचारणांची, म्हणजे क्वेरींची, उत्तरं साठवून ठेवणारी सोय) काढून टाकला आहे. जुन्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये त्याची ओळ राहिली तर सर्व्हर सुरूच होत नाही. एरर लॉगमध्ये कारण स्पष्ट लिहिलेलं असतं, ओळ काढली की झालं. ‘रँक’ किंवा ‘ग्रुप्स’ हे शब्द ८.० मध्ये राखीव झाले, त्यामुळे त्या नावांचे कॉलम असलेल्या जुन्या क्वेरी त्रुटी देतात. तेही दिसतं.

मला भीती वाटते ती न ओरडणाऱ्या बदलांची. ५.७ मध्ये क्वेरीत ओळींचे गट करणारं ‘ग्रुप बाय’ लिहिलं की निकाल आपोआप त्या क्रमाने लागायचा. ८.० मध्ये ती सोय गेली. क्रम ठरवणारं ‘ऑर्डर बाय’ न लिहिता वर्षानुवर्षं चाललेला एखादा अहवाल आता वेगळ्या क्रमाने येऊ शकतो. त्रुटी नाही, लॉगमध्ये ओळ नाही, पान व्यवस्थित उघडतं. अशी गोष्ट आपल्याला सापडणार नाही, ती वेबसाइटच्या मालकालाच दिसेल. म्हणून त्याला आधी कळवणं हा कामाचाच भाग आहे. लॉगिनचंही तसंच. जुनी खाती जुन्याच पद्धतीवर चालत राहतात, पण मूळ सेटिंग तसंच ठेवलं तर नव्या खात्यांना नवी पासवर्ड पद्धत लागते आणि वेबसाइट चालवणाऱ्या पीएचपीची जुनी आवृत्ती तिथे अडते. त्यामुळे अपग्रेडनंतर जुन्या वेबसाइट पाहून समाधान मानू नका, पॅनेलमधून एक नवा डेटाबेस आणि नवा युजर तयार करून जोडून पाहा.

दार उघडल्यानंतर दोष सापडला तर पूर्ण सर्व्हर मागे नेण्याचा विचार सोडा. त्या एका वेबसाइटचा डंप वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये भरा, लागेल ते टेबल तपासा, आणि तेवढंच मूळ जागी न्या. बाकीच्यांचा नवा डेटा जिथे आहे तिथेच राहू द्या.