पासवर्ड बरोबर आहे, तरी वायफाय का जोडत नाही?

(दृश्य: जुना लॅपटॉप. कोपऱ्यात वायफायचं चिन्ह फिरतंय.)

जुन्या लॅपटॉपवर हौसेनं लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. वायफायचं चिन्ह फिरत राहतं, थांबतं आणि पासवर्डची खिडकी पुन्हा उघडते. आपण तोच पासवर्ड परत टाकतो. पाचव्यांदा असं झालं की वैताग येतो आणि वाटतं, राऊटरवरचा पासवर्डच काढून टाकावा.

कृपया काढू नका. आणि राऊटरवर वेप हा सुरक्षेचा जुना पर्याय तर मुळीच निवडू नका. १९९७ सालचं ते कुलूप कसं फोडायचं, हे संशोधकांनी २००१ मध्येच दाखवून दिलंय. घोडं कुठे अडलंय हे लिनक्स स्वतःच लिहून ठेवतं. ते वाचता यायला हवं.

आधी वायफायचं कार्ड चालू आहे का ते बघा. टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडा आणि टाइप करा: आरएफकिल लिस्ट. सॉफ्ट ब्लॉक्डपुढे 'यस' दिसलं, तर आरएफकिल अनब्लॉक वायफाय. हार्ड ब्लॉक्डपुढे 'यस' असेल, तर कमांडचा उपयोग नाही. लॅपटॉपच्या कडेचा बारीक खटका नाहीतर विमानाचं चित्र असलेलं बटण शोधा.

यादीत वायफायचं नावच नसेल, तर कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर किंवा फर्मवेअर, बहुधा नाही. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांचं हे नेहमीचं दुखणं. फोन यूएसबीनं जोडा, त्याचं इंटरनेट घ्या आणि फर्मवेअर उतरवा.

(दृश्य: पासवर्डचे काळे ठिपके, अगदी जवळून.)

नेटवर्क दिसतं पण जोडत नाही, तेव्हा खरी गंमत पासवर्डच्या पलीकडे असते. डब्ल्यूपीए-टू या वायफायच्या सुरक्षापद्धतीत पासवर्ड हवेतून जातच नाही. लॅपटॉप पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र करून ४,०९६ वेळा घुसळतो. त्यातून २५६ बिटांची किल्ली निघते. राऊटरकडेही तशीच किल्ली असते. मग चार निरोपांत, किल्ली न दाखवता, दोघं एकमेकांची खात्री करून घेतात. एक अक्षर जरी चुकलं, तरी अख्खी किल्ली बदलते.

आता हे ठिपके बघा. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल, तर इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीत 'के' दाबल्यावर क उमटतो, 'एल' दाबल्यावर त. ठिपके मात्र तसेच दिसतात! मराठीत टाइप करणाऱ्यांनी आधी हेच तपासावं. 'पासवर्ड दाखवा'वर टिक करा, लगेच कळेल.

राऊटरचा पासवर्ड मध्यंतरी बदलला असेल, तर लिनक्सनं जुनाच जपून ठेवलेला असतो. सेटिंगमध्ये जाऊन ते नेटवर्क 'विसरा', मग नव्यानं जोडा. राऊटर फक्त डब्ल्यूपीए-थ्री या पुढच्या आवृत्तीवर असेल आणि कार्ड जुनं असेल, तर राऊटरवर टू आणि थ्री असा मिश्र पर्याय ठेवा. त्याहून खाली उतरू नका.

(दृश्य: टर्मिनलमध्ये सरकणाऱ्या ओळी.)

एक खिडकी नोंदींसाठी उघडी ठेवा: सुडो जर्नलसीटीएल, मायनस एफ. दुसरीकडे वायफाय जोडा. 'प्री-शेअर्ड की मे बी इनकरेक्ट' अशी ओळ आली, तर गाडी त्या चार निरोपांत अडली, बहुतेक वेळा चुकीच्या पासवर्डमुळेच. तो दुरुस्त करा, पुन्हा जोडा आणि ओळींवर नजर ठेवा.

'की निगोशिएशन कम्प्लीटेड.'

(दृश्य: चिन्ह स्थिर होतं.)