गोंदाखालची बॅटरी

(दृश्य : टेबलावर पालथा फोन. मागची काच एका कडेने वर आलेली.)

ही काच कोणी उघडलेली नाही. ती आतूनच उचलली गेली आहे.

(दृश्य : फटीतून दिसणारी बॅटरीची फुगलेली कड.)

खाली बॅटरी फुगली आहे. लिथियम-आयन बॅटरीतलं द्रावण हळूहळू विघटित होतं, त्याचा वायू होतो, आणि या चंदेरी पाकिटातून बाहेर पडायला त्याला वाट नसते. पाकीट फुगतं, काचेचा गोंद सुटतो. बाकी फोन बघा. डिस्प्ले ठणठणीत, कॅमेरा ठणठणीत, बोर्डही ठणठणीत. बिघडली ती एकच वस्तू, आणि ती कधी ना कधी बिघडणार हे फोन बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

बॅटरी झिजते, सायकलच्या टायरसारखी. चार्ज करताना लिथियमचे आयन (वीजभारित कण) बॅटरीच्या ऋण बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत फिरतात. या ये-जा करण्यात थोडं लिथियम दर वेळी ग्रॅफाइटवरच्या पापुद्र्यात अडकतं ते कायमचं. पापुद्रा वाढतो, क्षमता घटते. उष्णता आणि सतत शंभर टक्के चार्ज, या दोन गोष्टींनी ही झीज आणखी भरभर होते. रात्रभर उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन दोन्ही एकदम सोसतो.

(दृश्य : दुसरा फोन. स्क्रीनवर ३० टक्के. कॅमेरा उघडतो, फ्लॅश पडतो, स्क्रीन काळी.)

हा दुसरा फोन फुगलेला नाही. तीस टक्के दाखवत होता, फ्लॅश पडला आणि बंद झाला. बॅटरीत ऊर्जा होती. पण जुन्या बॅटरीत विजेला होणारा आतला रोध वाढलेला असतो. प्रोसेसर आणि फ्लॅशने एकदम करंट मागितला की व्होल्टेज क्षणभर कोसळतं, आणि ते ठरलेल्या मर्यादेखाली गेलं की फोन बंद पडतो. थंडीत हे आणखी लवकर होतं. टक्क्यांचा आकडा खोटा नसतो, अपुरा असतो.

यावर साधा इलाज म्हणजे बॅटरी बदलणं. ॲपलने २०१७ मध्ये दुसरा शोधला. झिजलेल्या बॅटरीच्या आयफोनचा प्रोसेसरच अपडेटमधून हळू केला, आणि वापरणाऱ्यांना ते नीट सांगितलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने कबुली दिली, माफी मागितली, वॉरंटीबाहेरच्या बॅटरी बदलाचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला. तंत्र म्हणून तो इलाज चुकीचा नव्हता. मध्येच बंद पडणाऱ्या फोनपेक्षा सावकाश चालणारा बरा. पण फोन म्हातारा झाला असं समजून कितीजणांनी नवा घेतला असेल? म्हातारी झाली होती फक्त बॅटरी.

(दृश्य : हीट मॅट. आकडा चढत ८० वर थांबतो.)

आता ती बदलायची. काम फोन उघडण्याआधीच सुरू होतं : चार्ज पंचवीस टक्क्यांखाली उतरवायचा. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ४००० मिलिअँपिअर-तास आणि सरासरी ३.८५ व्होल्ट, म्हणजे सुमारे १५.४ वॉट-तास. पाऊण पेला पाणी उकळीला आणेल एवढी ऊर्जा, तळहाताहून लहान पाकिटात. पाकिटाला हत्यार लागलं आणि आत शॉर्ट झाला, तर ती काही सेकंदांत बाहेर पडते. वरून द्रावण पेटतं ते वेगळंच. चार्ज कमी ठेवला तर निदान भडका लहान.

पहिला, फुगलेला फोन या मॅटवर येणार नाही. फुगलेल्या बॅटरीला शेक द्यायचा नसतो, आणि त्याची काच तशीही निम्मी सुटलेली आहे. मॅटवर आहे तो तीस टक्क्यांवर बंद पडलेला.

८० अंशांवर चार-पाच मिनिटं. मग सक्शन कप खालच्या कडेला अगदी लागून. मधोमध लावला तर जोर काचेवर येतो आणि ती तडकते. ओढत राहायचं. केसाएवढी फट दिसली की प्लॅस्टिकची पिक आत.

(दृश्य : क्लोजअप. पिक कडेने सरकते, गोंदाचे काळे तंतू ताणले जातात.)

किती आत? दोन ते तीन मिलिमीटर, बस. त्यापुढे गेली की फ्लेक्स कापली जाते. फ्लेक्स म्हणजे ही कागदासारखी चपटी वायर. ती कुठल्या कडेला आहे हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं. आधी आकृती न बघता हात घातला तर बॅटरीच्या कामात बटणांचं काम निघतं. गोंद थंड होऊन पुन्हा धरायला लागला की जोर लावायचा नाही, परत शेकायचं. बहुतेक काचा याच ठिकाणी फुटतात, घाईत.

(दृश्य : चुंबकी मॅटवर ओळीने मांडलेले स्क्रू.)

हे स्क्रू सगळे सारखे दिसतात. तसे ते नाहीत. काहींच्या लांबीत मिलिमीटरच्या काही दशांशांचा फरक आहे. लांब स्क्रू आखूड जागेत पिळला की तो बोर्डाच्या थरांत शिरतो आणि आतली तांब्याची रेघ तोडतो. वरून काही दिसत नाही, फक्त फोन चालू होत नाही. म्हणून ज्या जागचा स्क्रू, मॅटवर त्याच जागी.

आणि हा पाच पाकळ्यांचा. ॲपलने २००९ मध्ये मॅकबुक प्रोच्या बॅटरीला लावला, पुढे आयफोनच्या तळालाही. या आकाराने जोड अधिक मजबूत होतो असं काही नाही. एवढंच होतं की घरातला स्क्रूड्रायव्हर बसत नाही. आज त्याचा ड्रायव्हर सहज मिळतो, त्यामुळे हे कुलूप आता नावापुरतं उरलंय. पुढची कुलपं जास्त हुशार आहेत, ती येतीलच.

पत्र्याचं झाकण निघालं. सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर, बाकी सगळं नंतर. बोर्डात वीज असताना डिस्प्लेचा कनेक्टर तिरका निघाला तर दोन पिना एकमेकींना टेकतात आणि काही मॉडेलमध्ये बॅकलाइटची लाइन जाते. नवशिक्यांचा हा ठरलेला अपघात. कनेक्टर प्लॅस्टिकच्या पट्टीने सरळ वर उचलायचा. लोखंडी चिमटा इथे हातातही नको.

आणि आता गोंद.

(दृश्य : बॅटरीच्या कडेला पांढऱ्या पट्टीचं टोक. चिमटा ते पकडतो.)

काही फोनमध्ये ओढून काढायची पट्टी असते. ती बॅटरीला जवळजवळ समांतर, एकाच वेगाने, अगदी सावकाश ओढायची. रबरासारखी ताणत लांब होते आणि गोंद स्वतःच सोडते. कोन चढला किंवा हात थांबला की तुटते. जुन्या, तापलेल्या फोनमध्ये ती तुटतेच, असं धरून चालावं.

(दृश्य : पट्टी तुटते. हात क्षणभर थांबतो.)

मग ड्रॉपर. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. सत्तर टक्क्यांचं नाही, त्यातलं पाणी बोर्डावर राहतं. बॅटरीच्या कडेने चार-पाच थेंब, फोन असा कलता की द्रव डिस्प्लेकडे न जाता गोंदाकडे जाईल. दोन-तीन मिनिटं थांबायचं. मग प्लॅस्टिकचं कार्ड, बोर्डाच्या उलट्या बाजूने, आडवं. उचकटायचं नाही, सरकवायचं.

(दृश्य : कार्ड इंचाइंचाने आत. बॅटरी किंचित वाकते. पुन्हा एक थेंब.)

वाकली ती बघा. या पाकिटात धन आणि ऋण पट्ट्यांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो, जेमतेम १० मायक्रॉनच्या आसपास. केसाच्याही कितीतरी पट पातळ. वाकवताना तो चिरला तर दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात. गोडसर, नेलपॉलिशसारखा वास आला तर पाकीट गळतंय. काम तिथेच थांबवायचं, बॅटरी वाळूच्या डब्यात आणि डबा उघड्यावर. वाफ हुंगायची नाही. त्या द्रावणातल्या क्षाराचा ओलाव्याशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो.

(दृश्य : बॅटरी सुटते. खाली गोंदाचे दोन पट्टे.)

निघाली. या पूर्ण कामातला सगळ्यात धोक्याचा भाग या दोन पट्ट्यांमुळे होता. कंपन्यांचं उत्तर ठरलेलं : पाणी आत जाऊ नये म्हणून. पाणी अडवते ती काचेच्या कडेची सील. बॅटरीखालचा गोंद पाणी अडवत नाही, बॅटरी हलू देत नाही एवढंच. आणि २०१४ चा सॅमसंग गॅलेक्सी एस५ आठवा. मागचं झाकण नखाने निघायचं, २८०० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी बोटांनी बाहेर यायची, आणि फोनला आयपी ६७ मानांकन होतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. झाकणाच्या आतून फिरवलेलं रबर आणि चार्जिंगच्या जागेला छोटं झाकण, बस. फोन थोडा जाड होतो, हे खरं. ती किंमत आहे, आणि ती द्यायची की नाही हे ग्राहकाला कधी विचारलं गेलं नाही.

(दृश्य : नवी बॅटरी जोडली. काच लावण्याआधीच फोन चालू. स्क्रीनवर इशारा : बॅटरी अस्सल असल्याची खात्री करता आली नाही.)

हे दुसरं कुलूप. बॅटरीच्या डोक्यावर एक छोटी पट्टी असते. तिच्यावर चार्ज मोजणारी चिप, आणि चिपमध्ये तिचा स्वतःचा क्रमांक. काही कंपन्यांचे फोन हा क्रमांक बोर्डाशी बांधून ठेवतात. क्रमांक जुळला नाही की इशारा येतो, काही फोनांत बॅटरीची तब्येतही दिसत नाही. एका फोनमधली अस्सल बॅटरी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनला लावली, तरी इशारा येऊ शकतो. प्रश्न अस्सल-नकलीचा असता, तर तसं झालं नसतं.

कारागिरांनी यावर काढलेली वाट अशी आहे.

(दृश्य : जुन्या बॅटरीची पिवळी टेप सोलली जाते. खाली चिपची पट्टी आणि निकेलचे दोन पत्रे.)

जुन्या बॅटरीची पट्टी कापून घ्यायची आणि नव्या सेलला, म्हणजे पट्टीशिवायच्या नुसत्या बॅटरीला, स्पॉट वेल्डिंगने (विजेच्या क्षणिक ठोक्याने) जोडायची. पत्रा एका वेळी एकच कापायचा. कात्री दोन्हीला एकदम लागली तर कात्रीतूनच शॉर्ट होतो. वेल्डिंगचा ठोका काही मिलिसेकंदांचा, कारण इथे सोल्डरिंगची तापलेली सळई धरून बसलं तर उष्णता पत्र्यातून थेट सेलमध्ये उतरते. वेल्ड झाल्यावर प्रत्येक उघडा धातू उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकायचा, आणि घडी जुन्या रेषेवरच पडली पाहिजे.

(दृश्य : वेल्डरचा ठोका. ठिणगी.)

इतकं करून फोन म्हणतो, बॅटरी अस्सल आहे. पण तब्येत दाखवतो ७४ टक्के. सेल नवा, चिपच्या आठवणी जुन्या. त्या पुसायला वेगळं यंत्र लागतं. जी सुरक्षा कंपनी या कुलपाचं कारण म्हणून सांगते, तिच्याच नावाने लावलेल्या कुलपापायी लोक उघड्या सेलवर वेल्डिंग करायला लागले आहेत. हे सुरक्षित काम नाही, घरी करायचं तर नाहीच. म्हणून आपल्या फोनमध्ये नवी बॅटरी तिच्या स्वतःच्या चिपसकटच ठेवली आहे.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने मार्च २०२४ मध्ये पार्ट असे बांधून ठेवण्यावर बंदी घालणारा कायदा केला, २०२५ पासून बनणाऱ्या उपकरणांसाठी. युरोपीय संघाचा बॅटरी नियम १८ फेब्रुवारी २०२७ पासून सांगतो की उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, साध्या हत्यारांनी, उष्णता आणि द्रावक न वापरता. म्हणजे तुम्ही आत्ता पाहिलेली हीट मॅट नको, ड्रॉपरही नको. वाचायला छान. पण मोबाईलसाठी युरोपचा वेगळा नियम २० जून २०२५ पासून लागू आहे, आणि त्यात फट आहे : बॅटरी ५०० चक्रांनंतर (एक चक्र म्हणजे एकदा पूर्ण चार्ज होऊन पूर्ण वापरली जाणं) ८३ टक्के आणि १००० चक्रांनंतर ८० टक्के टिकली, आणि फोन पाण्यात टिकला, तर ती वापरणाऱ्याला काढता आलीच पाहिजे असं नाही. चांगल्या बॅटरीचं बक्षीस म्हणून गोंदाची मुभा. हजार चक्रांनंतरही बॅटरी कधीतरी संपणारच, आणि तेव्हा पट्टे तिथेच असतील.

(दृश्य : जुन्या फोनांचा ढीग.)

२०२२ मध्ये जगभरात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला. रीतसर गोळा होऊन प्रक्रिया झाल्याची नोंद २२.३ टक्क्यांची.

(दृश्य : नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. दोन क्लिप फोनच्या आत जोडल्या जातात.)

करायचंच ठरवलं तर गोंदही आज्ञाधारक होतो. २०२४ च्या आयफोन १६ मध्ये बॅटरीखाली असा गोंद आहे, जो विजेने सुटतो. नऊ व्होल्टची साधी बॅटरी, एक क्लिप फोनच्या चौकटीला, दुसरी गोंदाच्या टोकाला. दीड मिनिट थांबायचं.

(दृश्य : घड्याळ. बॅटरी दोन बोटांनी उचलली जाते. खाली गोंदाचा मागमूस नाही.)

थेंब नाही, कार्ड नाही, वाकवणं नाही. काच उघडायला मात्र कष्ट तेच.

(दृश्य : वाळूच्या डब्यात पहिल्या फोनची फुगलेली बॅटरी. शेजारी दुसरा फोन, नवी सील, कडेने चार क्लॅम्प.)

सील बसायला क्लॅम्प काही तास ठेवायचे. जुनी सील पुन्हा वापरली तर पाण्यापासूनचं संरक्षण गेलं असं समजायचं. पहिलं चार्जिंग शंभरपर्यंत, म्हणजे मोजणारी चिप ताळ्यावर येते.

(दृश्य : क्लॅम्प निघतात. फोन चालू. कॅमेरा उघडतो, फ्लॅश पडतो. स्क्रीन चालूच. वरून इशारा खाली सरकतो.)

इशारा बोटाने बाजूला सारता येतो. सेटिंगमध्ये तो तसाच राहतो.