जुनी खुर्ची उघडताना

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानाबाहेर हातांची एक सागवानी खुर्ची पालथी ठेवलेली मला दिसली आणि ती पालथी होती म्हणूनच मी ती घेतली. सुलटी असती, तर तिचे फाटलेले हिरवे रेक्झिन, एका बाजूला खचलेली बैठक आणि हातांवर फासलेला चॉकलेटी ऑइलपेंट पाहून मी पुढे निघून गेले असते. पालथी असल्यामुळे मला दिसल्या त्या आतल्या पट्ट्यांवरच्या रंध्याच्या खुणा, कुसवांमधून, म्हणजे सांध्यात घुसणाऱ्या लाकडाच्या जिभांमधून, आरपार ठोकलेल्या लाकडी खुंट्या आणि रंग न पोहोचलेल्या जागी सागाचे सोनेरी तपकिरी रेषांचे मूळ अंग.

जुने फर्निचर उलटे करून पाहावे, हे तेव्हापासून मी सर्वांना आग्रहाने सांगते. वरून पॉलिश मारून कोणतीही वस्तू जुनी भासवता येते. खालची बाजू सजवण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. खुर्ची दोन्ही हातांनी धरून तिरकी हलवली म्हणजे कोणता सांधा ढिला झाला आहे ते समजते. पायांजवळ टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली, तर तिथे टिचकी मारून पाहावी. पिठासारखा ताजा भुसा गळला, तर कीड अजून आत आहे असे समजावे आणि तिचा बंदोबस्त होईपर्यंत ती वस्तू घरातल्या दुसऱ्या लाकडाजवळ ठेवू नये. ओरखडे, डाग, उडालेले पॉलिश, फाटलेले कापड यांना मी दोष मानत नाही. लाकूड कुजलेले नसेल आणि सांधे मुळात मोडलेले नसतील, तर बाकीचे सगळे घरी दुरुस्त होण्यासारखे असते.

हे मी इतक्या खात्रीने म्हणते, त्याचे कारण त्या वस्तू ज्या सामानाने घडल्या त्या सामानात आहे. जुने सुतार सांधे सरसाने जोडत. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून केलेला गोंद. तो गरम पाण्याने आणि वाफेने सुटतो. पॉलिश लाखेचे असे आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. कुशनवाला चुका, म्हणजे रुंद डोक्याचे छोटे खिळे, आणि सुतळी वापरत असे. चूक उपटता येते, सुतळी कापता येते. अशा कामाचा प्रत्येक थर लाकडाला इजा न होता पुन्हा उलगडता येतो. मला आज आपल्याला जे सांगायचे आहे ते एवढेच, की आपण त्या खुर्चीत नव्याने जे घालू, तेही असेच उलगडता येणारे असावे. इपॉक्सीने, म्हणजे दोन रसायने मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाने, पक्का केलेला सांधा पुढे उघडायची वेळ आली, तर बहुधा गोंद सुटत नाही, लाकूडच फाटते.

खुर्ची उघडण्यासाठी मला चार संध्याकाळी लागल्या आणि त्या चार संध्याकाळींत मी जे शिकले ते पुढच्या दोन महिन्यांत शिकले नाही. नाकातोंडावर मास्क बांधून, बोथट पटाशीने एकेक चूक उचकटत गेले. रेक्झिनखाली किरमिजी मखमल निघाली आणि मखमलीखाली विटलेले सुती कापड. लाकडाच्या कडेला चुकांच्या भोकांच्या तीन ओळी होत्या, म्हणजे ही खुर्ची यापूर्वी तीनदा मढवली गेली होती. सर्वांत आतल्या ओळीतल्या एका गंजलेल्या चुकेच्या डोक्याखाली नखाएवढी चिंधी अडकून राहिली होती. बाकीचे कापड विटून राखाडी झाले होते, पण चुकेने झाकलेल्या त्या चिंधीला उजेड लागलाच नव्हता आणि तिच्यावर निळी आणि पांढरी रेघ स्वच्छ शिल्लक होती. नवे कापड कोणते घ्यावे, हा माझा प्रश्न तिथेच सुटला.

उघडताना काहीही फेकू नये. प्रत्येक थराचा फोटो काढावा, प्रत्येक तुकड्यावर त्याची जागा खडूने लिहावी, कारण नवे कापड बेतताना जुना तुकडाच आपला कागदी नमुना असतो आणि कोपऱ्याची चुणी कोणत्या बाजूला दुमडली होती हे तोच सांगतो.

लाकडाकडे वळण्यापूर्वी एक इशारा द्यायलाच हवा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत, मर्यादित करणारा आपल्या देशातला नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता धरून चालावे, कोरड्या पॉलिशपेपरने तो रंग घासून धूळ उडवू नये आणि घरात लहान मुले असतील तर हे काम घरात करूच नये. रंग काढण्याचे औषध लावून, फुगलेला थर मोकळ्या हवेत, हातमोजे घालून, ओलाच खरवडून घ्यावा.

रंगाखाली जुने पॉलिश आहे का, हे पाहण्याची सोपी रीत आहे. आतल्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब टाकून मिनिटभराने बोट टेकवावे. बोट चिकटले तर लाख आहे, आणि मग ते सगळे पॉलिश खरवडण्याची गरज नसते, स्पिरिटच्या हलक्या बोळ्याने तेच हलवून सारखे करता येते. पुष्कळ लोक इथे मशीन लावून लाकूड कोरे करून टाकतात. मला ते पाहवत नाही. हाताच्या टोकाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळव्यांनी आलेली झाक एकदा घासली गेली की परत येत नाही.

नवे पॉलिश घरी करण्यासाठी एक लिटर स्पिरिटला साधारण २०० ग्रॅम चपडा लाख, म्हणजे पातळ पापुद्र्यांची लाख, पुरते. रात्रभर भिजवून, अधूनमधून ढवळून, दुसऱ्या दिवशी मलमलीतून गाळावे. मऊ सुती कापडात कापूस बांधून पोटली करावी, ती ओली असावी पण ठिबकू नये, आणि लाकडावर हात फिरता ठेवावा. हात एका जागी थांबला की पोटलीतल्या स्पिरिटने खालचा थर सुटतो आणि तिथे खड्डा दिसू लागतो. एकाच दिवशी जाड थर देण्यापेक्षा आठ दिवस पातळ थर द्यावेत. जवळपास गॅस, निरांजन, उदबत्ती काहीही पेटते नसावे.

हे काम पावसाळ्यात करू नये, असे सांगण्याचा अधिकार मी किंमत मोजून मिळवला आहे. जुलैच्या एका दमट दुपारी मी खुर्चीच्या पाठीला शेवटचा हात दिला आणि पाहता पाहता त्यावर दुधासारखी पांढुरकी साय धरली. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि लाखेत अडकते. गणपती, नवरात्र उलटून आश्विनातले कोरडे ऊन पडेपर्यंत मी पोटली हातात धरली नाही. मग नुसत्या स्पिरिटच्या दोन हलक्या हातांनी ती साय निघाली. लाख सुटते म्हणून तो बिघाड सुधारला. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनच्या पॉलिशचा, थर असता तर तो घासूनच काढावा लागला असता.

बैठकीचे काम मला आमच्या पेठेतल्या एका वयस्क कुशनवाले काकांनी शिकवले. सगळ्यात खाली नवारीच्या पट्ट्या, उभ्या-आडव्या, बाजेसारख्या एकमेकींतून विणलेल्या. पट्टीच्या टोकाला आधी पाच चुका, मग टोक दुमडून त्यावर आणखी चार. मी सगळ्या पट्ट्या मारून काकांना अभिमानाने दाखवल्या, तेव्हा त्यांनी मधल्या पट्टीवर मूठ आपटली आणि म्हणाले, ‘ताई, ही मुकी आहे. नवार बोलली पाहिजे.’ मी सगळ्या पट्ट्या काढून, लाकडी ठोकळ्याला पीळ घालून ताणत पुन्हा मारल्या. या वेळी मूठ आपटल्यावर ढोलकीच्या धुमासारखा आवाज आला.

पट्ट्यांवर तीन ओळींत नऊ स्प्रिंगा दाभणाने टाचल्या. मग प्रत्येक स्प्रिंगेला सुतळीने पुढे-मागे, आडवी आणि दोन्ही तिरक्या दिशांनी, अशी आठ अंगांनी बांधले, म्हणजे माणूस कसाही बसला तरी ती एकीकडे कलंडत नाही. त्यावर गोणपाट, गोणपाटावर काथ्या. काथ्या नुसता पसरून भागत नाही. हाताने पिंजून, गाठी मोकळ्या करून तो थोडा थोडा रचावा लागतो आणि काठाला गोणपाटात गुंडाळून, दाभणाने शिवून त्याची घट्ट वळकटी करावी लागते. बसणाऱ्याच्या मांड्यांखाली लाकडाची कड टोचत नाही ती या वळकटीमुळे. वर कापसाचा थर, त्यावर मांजरपाट ताणून मारायचा आणि मगच शेवटचे कापड.

या सगळ्याऐवजी फोमचा ठोकळा बसवला तर काम एका दुपारी होते, हे खरे. घाईची गरज असेल त्याला मी नावे ठेवणार नाही. पण फोम काही वर्षांनी पिवळा पडून भुरभुरतो, आणि माझ्या खुर्चीतला जुना काथ्या धुऊन, उन्हात वाळवून, पिंजून निम्म्याहून अधिक मी परत वापरला.

कापड मी निळ्या-पांढऱ्या रेघांची जाड खादी घेतली. रेघ असली की हात चुकलेला लगेच दिसतो, म्हणून कापडाचा मध्य आणि बैठकीचा मध्य खडूने जुळवून, चारी बाजूंच्या मधोमध एकेक चूक अर्धीच ठोकावी आणि मग मधून कोपऱ्यांकडे सरकत जावे. चुका पूर्ण बसवण्यापूर्वी दारात उभे राहून लांबून पाहावे. मी पाहिले तेव्हा डावीकडे रेघ बोटभर वाकली होती. अकरा चुका काढून पुन्हा मारल्या. चुकांची ओळ झाकायला त्याच कापडाची मगजी शिवून लावली.

शेवटी खुर्ची पुन्हा पालथी केली. तळाला काळे कापड मारण्यापूर्वी एका पाकिटात ती नखाएवढी चिंधी, नव्या खादीचा तुकडा आणि एक चिठ्ठी ठेवली. सांधे सरसाने जोडले आहेत, पॉलिश लाखेचे आहे, स्प्रिंगा नऊ आहेत, काथ्या निम्मा जुना आहे आणि डाव्या मागच्या पायात आतून खुंटी नवी आहे, एवढे त्यावर लिहिले. पाकीट मधल्या नवारीला सुतळीने बांधले आणि कापडाच्या चुका मारल्या.

नमस्कार.