एच.आय.व्ही. आणि एड्स: मधली वर्षे

मित्रहो, एच.आय.व्ही. हा विषाणू आणि एड्स ही उपचारांअभावी त्या विषाणूने शरीरावर आणलेली अखेरची अवस्था, हा फरक या सभागृहातल्या बहुतेकांना ठाऊक असेल. पण या दोहोंच्या मध्ये उपचार नसतानाही साधारण आठ ते दहा वर्षे जातात आणि त्या काळात माणूस शिरोलीच्या फौंड्रीत, उसाच्या फडात किंवा ट्रकवर नेहमीसारखा राबत असतो, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. मला बोलायचे आहे ते या मधल्या वर्षांविषयी.

हा विषाणू रक्तातल्या सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींना गाठतो. तालमीतला वस्ताद प्रत्येक कुस्ती स्वतः लढत नाही. कोणी कोणाशी भिडायचे आणि कोणता डाव टाकायचा, हे तो सांगतो. रोगप्रतिकारशक्तीत सीडी-४ पेशींचे काम तेच असते. निरोगी माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली उतरल्या की एड्स झाला असे धरतात. मग एरवी सहज परतवले जाणारे जंतूही वरचढ होतात, आणि आपल्याकडे अशा रुग्णांचा बळी बहुतेकदा क्षयरोगच घेतो.

‘गोळ्या जन्मभर कशासाठी?’ हा प्रश्न मला प्रत्येक नवा रुग्ण विचारतो, आणि त्याचे उत्तर सविस्तर दिले पाहिजे. हा विषाणू पेशीत शिरल्यावर आपला आराखडा तिच्या जनुकांतच गुंफतो. अशा काही पेशी वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. औषधे नव्या विषाणूंची निर्मिती रोखतात, परंतु या झोपलेल्या पेशींपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. म्हणूनच रक्तात विषाणू सापडेनासा झाला तरी गोळी थांबवल्यावर बहुधा काही आठवड्यांतच तो पुन्हा वाढू लागतो. गोळ्या अधूनमधून चुकवणे तर अधिकच घातक, कारण अर्धवट औषधात तगलेला विषाणू त्या औषधालाच दाद देईनासा होतो.

भारतात या संसर्गाचे पहिले निदान १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. सरकारी केंद्रांतून मोफत औषधोपचार सुरू व्हायला मात्र १ एप्रिल २००४ उजाडला. तेव्हा सीडी-४ पेशी बऱ्याच घटेपर्यंत थांबावे लागे; २०१७ पासून निदान होताच, पेशी कितीही असोत, उपचार सुरू करता येतात, आणि आता बहुतेकांना तीन औषधे एकत्र असलेली एकच गोळी रोज घ्यावी लागते. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका दबलेला राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश उच्चारले, कारण डॉक्टरांपैकीही काहींना ते अजून पचत नाही. उपचारांविना आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. उपचारांनी ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते.

एवढे सगळे हाताशी असताना माणसे उशिरा का येतात? गोळ्यांची डबी पिशवीत खुळखुळू नये म्हणून तिच्यात कापूस कोंबणारी आणि वरचे लेबल नखाने खरवडून काढणारी माणसे मी पाहिली आहेत. गावातले कोणी भेटेल या धास्तीने काहीजण कोल्हापूर सोडून परजिल्ह्यात औषध घेतात, आणि हंगामात रजा मिळाली नाही की नेमकी तीच फेरी चुकते. संमतीशिवाय चाचणी करणे, संसर्गाची वाच्यता करणे किंवा त्यावरून नोकरी नाकारणे याला २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. पण भाऊबंदकीत आणि सोयरिकीत कायद्याचे किती चालते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तपासणीविषयी एक खुलासा करतो. नेहमीची चाचणी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिने, शोधते. संसर्गानंतर ती तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे धोका पत्करल्यावर लगेच आलेला ‘निगेटिव्ह’ अहवाल अंतिम समजू नये. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. मात्र सुई टोचली असेल किंवा अत्याचार झाला असेल, तर तीन महिने वाट पाहायची नसते. प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. तपासणी आणि उपचार दोन्ही कोल्हापुरातल्या आपल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मोफत आहेत, आणि नाव न सांगता नुसते विचारायचे असेल तर १०९७ हा क्रमांक आहे.