शिट्टी हातात घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

2009 साली मुंबई एफसी या फुटबॉल क्लबच्या ड्रेसिंग रूममध्ये एक माणूस बाकाच्या एका बाजूवरून उठून दुसऱ्या बाजूला गेला. खालिद जमील यांचं नाव खेळाडूंच्या यादीत होतं. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि भारताकडून खेळलेले हे मिडफिल्डर. दुखापतींनी खेळ थांबवला आणि वयाच्या 32व्या वर्षी ते त्याच संघाचे कोच झाले. पुढची सात वर्षं ते तिथेच राहिले. 2017मध्ये त्यांच्या मिझोरममधल्या ऐझॉल एफसीने आय-लीग ही देशातल्या क्लबांची स्पर्धा जिंकली आणि ऑगस्ट 2025मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले. साव्हियो मदेरा यांच्यानंतर, म्हणजे 13 वर्षांनी, ही जागा भारतीय माणसाकडे आली.

या प्रवासातली नावं आणि करंडक आपण ऐकलेले असतात. खेळाडू कोच होतो म्हणजे रोज उठून नेमकं काय करतो, ते आज बघू.

पहिली गोष्ट लायसन्सची. भारतात सुरुवात डी लायसन्सपासून होते. महाराष्ट्रात विफा म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन हे कोर्स घेते, गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशन. डीनंतर सी, बी, ए आणि शेवटी प्रो. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमधल्या संघाचं मुख्य कोचपद हवं असेल तर प्रो लागतं. एक पायरी झाली की लगेच दुसरीवर उडी मारता येत नाही. मधल्या काळात प्रत्यक्ष संघ हाताळावा लागतो आणि परीक्षक मैदानावर उभं करून तुमचा सराव बघतात. म्हणून खेळणं संपल्यावर पहिला अर्ज भरणारा खेळाडू काही वर्षं मागे पडतो. खेळत असतानाच, मोसमांच्या मधल्या सुट्टीत, डी आणि सी उरकून घ्यावेत. सकाळी स्वतःचा सराव आणि संध्याकाळी तेरा वर्षांखालच्या मुलांचा संघ, असं एक वर्ष काढलं तर पुढची पाच वर्षं सोपी जातात.

आता मैदानावर येऊ. नव्या कोचची पहिली चूक रांगेत दिसते. सोळा मुलं, एक गोल, आणि सगळे रांगेत उभे राहून शॉट मारतायत. एका शॉटला बारा सेकंद धरा. मग प्रत्येकाची पाळी सव्वातीन मिनिटांनी येते आणि वीस मिनिटांत एका मुलाला जेमतेम सहा शॉट मिळतात. बाकी वेळ तो उभाच. तेच प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, लावून चार छोटे गोल केले, प्रत्येकासमोर चार मुलं ठेवली, तर त्याच वीस मिनिटांत प्रत्येकी पंचवीस शॉट होतात. चेंडू मात्र पुरेसे हवेत. सोळा मुलांना निदान आठ चेंडू, संघ ओळखू यावेत म्हणून अंगावर चढवायचे तीन रंगांचे बिब आणि वीस-चोवीस कोन एवढं सामान सरावाच्या अर्धा तास आधी मांडून झालेलं असावं. मुलं आल्यावर कोच कोन लावत बसला की सरावाची पहिली दहा मिनिटं गेलीच.

दुसरी चूक जागेच्या मापाची, आणि ती मोठमोठ्या खेळाडूंकडूनही होते. चार जण चेंडू फिरवतायत, दोघे हिसकावतायत, असा रोंडो घ्या. सुरुवातीला दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन आखा. दोन-तीन पासमध्ये चेंडू जात असेल तर कोच सहसा ओरडतो, “अरे, नीट पास द्या!” ओरडून काही होत नाही. चौकोन बारा मीटरचा करा, मुलांना मान वर करून बघायला वेळ मिळेल. उलट वीस-वीस पास सहज होत असतील तर तो आठ मीटरवर आणा. कोन दोन मीटर सरकवले की अवघडपणा बदलतो, आणि कोचचा घसाही वाचतो.

आपल्याला इतकं सोपं वाटतं ते समोरच्याला का जमत नाही, हे चांगल्या खेळाडूला कळत नाही. त्याच्या पायाला ते येतं, तोंडाला येत नाही. मग तो स्वतः आत उतरून करून दाखवतो. मुलं टाळ्या वाजवतात, शिकत मात्र काहीच नाहीत. कोर्समध्ये यावर एक क्रम घोटून घेतात. चूक झाली त्या क्षणी शिट्टी वाजवून सगळ्यांना आहे तिथेच थांबवायचं. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याला विचारायचं, “तुला कोण मोकळा दिसतोय?” त्याचं उत्तर ऐकायचं. गरज पडली तरच दाखवायचं. मग तोच प्रसंग एकदा हळू, एकदा वेगाने करून घ्यायचा आणि खेळ पुन्हा सुरू. हे सगळं अर्ध्या मिनिटात व्हायला हवं. दीड-दोन मिनिटं भाषण झालं तर अंग थंड पडतं आणि लक्षही उडतं. एका सरावात असा खेळ पाच-सहा वेळाच थांबवावा, बाकीच्या सूचना खेळ चालू असताना.

मोठ्या संघात आठवड्याचं गणित येतं. शनिवारी सामना असेल तर रविवारी खेळलेल्यांना हलका व्यायाम, सोमवारी सुट्टी, मंगळवारी छोट्या जागेतला जोराचा सराव, बुधवारी मोठ्या मैदानावरचा दमवणारा, गुरुवारी सामन्याची आखणी, शुक्रवारी तासाभरात कॉर्नर, फ्री किक आणि घरी. इथे नव्या कोचचं दुर्लक्ष होतं ते न खेळलेल्यांकडे. खेळलेल्या अकरा जणांनी नव्वद मिनिटं धावून घेतलेलं असतं, बाकावरच्यांनी नाही. त्यांचा कस लावणारा सराव रविवारीच घ्यायला हवा. नाहीतर महिन्याभराने त्यांतल्या एकाला उतरवाल आणि साठाव्या मिनिटाला त्याच्या पोटरीत गोळा येईल.

सामन्यात पाच बदल करता येतात, पण खेळ थांबवून तीनच वेळा. मध्यंतरातला बदल त्यात मोजत नाहीत. तिसाव्या मिनिटाला दुखापत, पंचावन्नाव्याला एक बदल, सत्तराव्याला आणखी एक, की तुमच्या तिन्ही संधी संपल्या. ऐंशीव्या मिनिटाला कोणी लंगडू लागला तर दोन बदल हातात असूनही दहा जणांनी खेळावं लागतं. दोन बदल एकदम करा, आणि एक संधी शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांसाठी राखून ठेवा. मध्यंतराचंही तसंच. पंधरा मिनिटांतली पहिली चार पाणी पिऊन श्वास खाली बसण्यासाठी. मग फार तर दोन मुद्दे. पाच सांगितलेत तर एकही आठवणार नाही.

आणि डोळे. खेळाडूची नजर वर्षानुवर्षं चेंडूमागे धावलेली असते. कोचला चेंडू सोडून बघावं लागतं. आपला बॅक, म्हणजे बचावपटू, पुढे गेल्यावर त्याची मागची जागा कोण भरतंय? दोन सेंटर बॅकमध्ये, म्हणजे मधल्या बचावपटूंमध्ये, किती अंतर पडलंय? ही सवय जडायला वेळ लागतो. एका सामन्यात दहा मिनिटं फक्त बचावाची ओळ बघायची, पुढची दहा मिनिटं फक्त मधली फळी, आणि वहीत मिनिट टाकून टिपायचं. नंतर चित्रफीत लावून वही बरोबर होती का ते पडताळायचं.

सगळ्यात अवघड काम मात्र कालच्या सोबत्याला बाहेर बसवण्याचं. त्याला ही बातमी फलकावरच्या यादीतून कळता कामा नये. आदल्या दिवशी बाजूला घेऊन दोनच मिनिटं बोलावं, आणि कारण नेमकं सांगावं, “त्यांचा विंगर वेगवान आहे, म्हणून उद्या त्या बाजूला मला दुसरा माणूस हवा.” “तू चांगला आहेस, पण...” अशी सुरुवात केली की माणूस दुखावतो आणि हाती काहीच लागत नाही.

हे सगळं जमलं की काय होतं, ते ऐझॉलने दाखवलं. आदल्या मोसमात हा संघ खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्यातल्या क्लबांनी माघार घेतल्यावर त्याला पुन्हा जागा मिळाली. पैसा बेताचाच. 18 सामन्यांत 37 गुण, दुसऱ्या आलेल्या मोहन बागानपेक्षा फक्त एक जास्त. शेवटच्या दिवशी शिलाँगमध्ये 1-1 बरोबरी पुरली.

गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडा यांची वाट वेगळी. डेम्पोचे हे मिडफिल्डर एफसी गोवाच्या प्रशिक्षकांच्या ताफ्यात सहायक म्हणून शिकले. 2020मध्ये मोसमाच्या मध्येच हंगामी जबाबदारी आली आणि जमशेदपूरला 5-0 हरवून संघाने आयएसएलच्या साखळी फेरीत पहिल्या येणाऱ्या संघाला मिळणारी लीग शील्ड मिळवली. 2023मध्ये ओडिशा एफसीला त्यांनी सुपर कप जिंकून दिला, तेव्हाही ते हंगामीच होते. सहायकाची वर्षं कमीपणाची मानणाऱ्यांनी हे जरूर बघावं. मोठी जबाबदारी एका फोनवर येते, आणि त्या वेळी संघाची नस ठाऊक असलेला माणूस तिथे हजर असावा लागतो.

देशाच्या संघातही कोचचा वर्षभराचा हिशेब होईपर्यंत कुणी थांबत नाही. भारताचे प्रशिक्षक म्हणून जमील यांच्या संघाने सप्टेंबर 2025मध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून मध्य आशियाई फुटबॉल संघटनेच्या काफा नेशन्स कपमध्ये तिसरं स्थान मिळवलं. पुढच्याच महिन्यात मडगावला सिंगापूरकडून 1-2 हार झाली आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी त्याच वहीत पुढच्या सामन्याची तयारी मांडायची होती.

नमस्कार.