पर्वतीच्या पायऱ्या आणि हृदयाची पूर्वतयारी

पहाटे साडेपाचला पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर वर्दळ सुरू होते. अर्ध्या वाटेवर एक आजोबा थांबतात, मनगटावर दोन बोटे ठेवून घड्याळाकडे पाहत नाडी मोजतात आणि पुन्हा चढू लागतात.

व्यायामाने वजन, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहते, हे पुणेकरांना नव्याने सांगायला नको. हृदयाच्या स्नायूत काय घडते, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात रोहिणी गुठळीने बंद होते आणि तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू प्राणवायूअभावी मरू लागतो. उपचाराने रक्तप्रवाह सुरू झाला, तरी उपाशी पेशींत एकाएकी शिरलेल्या प्राणवायूपासून घातक रेणू तयार होतात आणि वाचवायला आलेले रक्तच काही प्रमाणात इजा करते.

१९८६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्र्यांवरील प्रयोगात दाखवले, की हृदयाच्या रक्तप्रवाहातील मोठ्या अडथळ्याआधी पाच-पाच मिनिटांचे चार छोटे अडथळे आणल्यास मृत स्नायूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर येते. पुढे उंदरांना सलग काही दिवस पळवल्यावरही त्यांच्या हृदयाला झटक्यातील इजा कमी झाल्याचे आढळले. एवढ्या अवधीत वजन फारसे उतरत नाही; बदल पेशीतच होतो आणि तिला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांत त्या घातक रेणूंना निष्प्रभ करणारी विकरे (एन्झाइम्स) वाढतात. ही कमाई साठवून मात्र ठेवता येत नाही. उंदरांच्या एका प्रयोगात पळणे थांबल्यावर हे संरक्षण नऊ दिवस टिकले, पण अठराव्या दिवशी उरले नव्हते.

माणसांवर असा प्रयोग करणे अर्थातच शक्य नाही. तरीही १९५३ साली ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची पाहणी केली, तेव्हा दिवसभर जिना चढणाऱ्या वाहकांना बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होता आणि झाला तरी तुलनेने कमी जीवघेणा ठरत होता. चालकांच्या गणवेशाची कंबर मुळातच मोठी होती, हेही पुढे मॉरिस यांनीच दाखवले. तेव्हा सगळे श्रेय जिन्याला देता येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. चढताना छातीत दुखले किंवा दडपण आले, तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावे.

आषाढात पायऱ्या निसरड्या झाल्या, की हे आजोबा पर्वतीवर येत नाहीत. ते सोसायटीचा जिना चढतात, लिफ्ट चालू असतानाही, आणि दुसऱ्या मजल्यावर थांबून नाडी मोजतात.